ब्राउझरचं एक्स्टेन्शन सारखं बंद पडतंय? काढून टाकण्याआधी हे तपासा

जून-जुलैत मराठवाड्यातल्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात. एका बाजूला प्रवेशासाठी उत्पन्नाचे आणि नॉन-क्रिमी लेयरचे दाखले, दुसऱ्या बाजूला पीकविम्याचे अर्ज. नेमक्या त्याच दिवसांत क्रोमच्या कोपऱ्यात सूचना झळकते की अमुक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं पूरक साधन) क्रॅश झालं आहे, पुन्हा सुरू करण्यासाठी इथे क्लिक करा. क्लिक केलं की चालतं आणि थोड्या वेळाने परत बंद पडतं. अशा वेळी बहुतेक जण एक्स्टेन्शन काढून टाकतात आणि नव्याने टाकतात. हा उपाय सगळ्यांत शेवटचा आहे. एक्स्टेन्शन काढलं की त्याने संगणकावर साठवलेली माहितीही पुसली जाते. त्यात जतन केलेले मजकुराचे तुकडे, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट, जाहिराती अडवण्याचे स्वतःचे नियम असं सगळं असतं. शिवाय मूळ कारण दुसरीकडे असलं तर दोन दिवसांनी तोच प्रकार परत सुरू होतो.

म्हणून हात लावण्याआधी दोन गोष्टी करा. एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट किंवा बॅकअप असं बटण असेल तर ती फाइल डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मग तीन ठिपक्यांच्या मेनूतून एक्स्टेन्शन्स आणि मॅनेज एक्स्टेन्शन्स उघडा, उजवीकडे वरचा डेव्हलपर मोड चालू करा आणि त्या एक्स्टेन्शनची आवृत्ती व ३२ अक्षरांचा आयडी वहीत उतरवून ठेवा. हा आयडी पुढे कामाला येणार आहे.

आधी प्लगइन की एक्स्टेन्शन ते ठरवा

बोलताना आपण दोन्हीला प्लगइनच म्हणतो, पण जुनी प्लगइन्स, म्हणजे पानातला व्हिडिओ वगैरे चालवणारे बाहेरचे प्रोग्राम, आता ब्राउझरमध्ये उरलेली नाहीत. क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगइन्स २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी काढली, आणि ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचाच आधार थांबवला. आज एखादी साइट 'तुमचं फ्लॅश प्लगइन बंद पडलं आहे, नवं डाउनलोड करा' असं सांगत असेल तर ती फसवणूक आहे. तो टॅब बंद करा, फाइल उतरली असेल तर न उघडता पुसून टाका.

डिजिटल सही करताना येणारी अडचण बहुतेक वेळा एक्स्टेन्शनची नसतेच. जावा ॲपलेट (पूर्वी पानाच्या आतच चालणारे छोटे प्रोग्राम) गेल्यापासून अनेक पोर्टलवर सहीचं काम संगणकावर वेगळा चालणारा प्रोग्राम करतो. त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

नेमकं काय कोसळतंय?

वरवर सारखे दिसणारे चार प्रकार आहेत. त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत, त्यामुळे इथे घाई करू नका.

फक्त एक्स्टेन्शन बंद पडलं आणि उघडलेले टॅब शाबूत राहिले, तर एक्स्टेन्शनची स्वतःची प्रोसेस, म्हणजे संगणकात वेगळं चालणारं त्याचं काम, कोसळली आहे. क्रोम आणि एज एक्स्टेन्शन्सना सहसा वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतात, म्हणून बाकीचं काम चालू राहतं. मात्र रॅम कमी असली की दोन-तीन एक्स्टेन्शन्स एकाच प्रोसेसमध्ये बसवली जाऊ शकतात. मग एकाच्या चुकीने शेजारचंही बंद पडतं आणि दोष भलत्यालाच लागतो. क्रोम समोर असताना शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. दोन नावांसमोर प्रोसेस आयडी एकच दिसला तर ती दोघं एकत्र बसलेली आहेत. फायरफॉक्समध्ये सगळी एक्स्टेन्शन्स एका सामाईक प्रोसेसमध्येच चालतात, त्यामुळे तिथे एक पडलं की सगळी पडतात.

टॅबच कोसळला आणि मध्यभागी 'ऑ, स्नॅप' आलं, तरी एक्स्टेन्शन निर्दोष ठरत नाही. एक्स्टेन्शनचा एक भाग तुम्ही उघडलेल्या पानातच घुसून चालतो, आणि त्याने पान जड केलं की टॅब पडतो. सूचनेखाली बारीक अक्षरात एरर कोड असतो, तो टिपून घ्या. आउट ऑफ मेमरी असेल तर रॅमकडे बघा. स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन असेल तर बाहेरच्या प्रोग्रामची ढवळाढवळ किंवा खराब रॅम हे पहिले संशयित.

सगळा ब्राउझरच बंद होत असेल तर एक्स्टेन्शनपेक्षा ग्राफिक्स ड्रायव्हर, अँटीव्हायरस किंवा खराब झालेलं प्रोफाइल (तुमची सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्सची माहिती ठेवणारा ब्राउझरचा फोल्डर) यांच्यावर संशय जास्त. सेटिंग्जमधल्या सिस्टीममध्ये जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा, ब्राउझर पुन्हा सुरू करा आणि एक दिवस बघा. जुन्या ऑनबोर्ड ग्राफिक्सच्या पीसीवर एवढ्याने भागू शकतं.

चौथा प्रकार क्रॅश नसूनही क्रॅश समजला जातो. मॅनेज एक्स्टेन्शन्सच्या पानावर 'सर्व्हिस वर्कर' (एक्स्टेन्शनचा मागे चालणारा भाग) या शब्दांपुढे 'इनॲक्टिव्ह' लिहिलेलं दिसतं आणि लोक घाबरतात. मॅनिफेस्ट व्ही ३ या नव्या पद्धतीने लिहिलेली एक्स्टेन्शन्स ३० सेकंद काम नसलं की झोपतात आणि काम आलं की उठतात. हे अगदी बरोबर चाललं आहे. तसंच, उघड्या टॅबमध्ये एक्स्टेन्शन काहीच करत नाही आणि नव्या टॅबमध्ये व्यवस्थित चालतं असं दिसलं, तर मागच्या मागे ते अपडेट झालेलं असतं. जुन्या पानातला त्याचा भाग निकामी होतो. भरलेला अर्ज आधी सेव्ह करा आणि एफ ५ दाबा, बाकी काही करायची गरज नाही.

या चौथ्या प्रकारात गावाकडच्या नेटवर्कचाही हात असतो. सर्व्हिस वर्करने सर्व्हरकडे मागितलेलं उत्तर ३० सेकंदांत आलं नाही, किंवा एकच काम पाच मिनिटांपेक्षा लांबलं, तर क्रोम तो वर्कर थांबवतो. मोबाइल हॉटस्पॉटवर भाषांतराचं किंवा पीडीएफ बनवणारं एक्स्टेन्शन अर्ध्यात गप्प होतं ते यामुळे. तेच काम ब्रॉडबँडवर करून बघा. तिथे सुरळीत झालं तर एक्स्टेन्शन बदलून काही साधणार नाही, फाइल लहान करून पाठवा.

दोषी कोण ते शोधणं

इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स मुळात बंद असतात. पोर्टल तिथे न अडखळता चाललं, तर बहुधा कुठलं तरी एक्स्टेन्शनच गडबड करतंय. आता संशयिताच्या तपशिलांच्या पानावर जाऊन फक्त त्याच्यापुरती इन्कॉग्निटोची परवानगी द्या आणि परत बघा. एकट्याने चालतं पण सगळ्यांबरोबर पडतं, असं असेल तर भांडण दोघांचं आहे. जाहिराती अडवणारी दोन एक्स्टेन्शन्स, किंवा मराठी टायपिंगचं आणि व्याकरण तपासणारं एक्स्टेन्शन अशी जोडी एकाच मजकूर-चौकटीवर तुटून पडते.

एक्स्टेन्शन्स बरीच असतील तर अर्धी-अर्धी बंद करत जा. निम्मी बंद केल्यावर त्रास थांबला तर दोषी बंद केलेल्यांत आहे, नाही थांबला तर चालू असलेल्यांत. १६ असली तरी चार फेऱ्यांत एक उरतं. इथे बंद करणं म्हणजे फक्त निळं बटण सरकवणं, काढून टाकणं नव्हे. दोन एक्स्टेन्शन्स मिळून त्रास देत असतील तर ही पद्धत फसवते. दोन्ही निम्म्यांत काहीच बिघडत नाही आणि सगळी चालू केली की बिघडतं, हे त्याचं लक्षण.

फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड सगळी एक्स्टेन्शन्स एका झटक्यात बंद करतो.

डेव्हलपर मोड चालू असताना एखाद्या एक्स्टेन्शनच्या चौकटीत एरर्स असं बटण दिसलं तर तेही उघडा. मजकूर समजला नाही तरी हरकत नाही, एकच ओळ पुन्हा पुन्हा येतेय का एवढं बघा आणि तिचा फोटो ठेवा.

रॅम आणि सी ड्राइव्ह

चार जीबी रॅमच्या पीसीवर विंडोज आणि अँटीव्हायरस मिळूनच बरीच जागा घेतात. त्यात पोर्टलचे दहा टॅब, स्कॅनरचा प्रोग्राम आणि व्हॉट्सॲप उघडं असलं की ब्राउझरला मेमरी मागूनही मिळत नाही आणि प्रोसेस पडते. शिफ्ट-एस्केपच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. एक्स्टेन्शनचा आकडा काही काम नसतानाही चढतच जात असेल तर त्या एक्स्टेन्शनमध्येच गळती आहे. तो निर्मात्याचा दोष, तुमच्या हातात एवढंच की ती ओळ निवडून प्रोसेस थांबवणं आणि नवी आवृत्ती येईपर्यंत ते बंद ठेवणं. आकडा स्थिर आहे आणि तरी पडतंय, तर एकूण मेमरीच अपुरी असू शकते.

अशा वेळी सी ड्राइव्ह जरूर बघा. रॅम भरली की विंडोज ड्राइव्हवरची पेज फाइल तात्पुरती मेमरी म्हणून वापरतं आणि ती सहसा सी ड्राइव्हवर असते. ड्राइव्ह लाल झालेला असला, किंवा कुणी पीसी वेगवान करण्याच्या नादात व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे हीच पेज फाइल, बंद करून ठेवलेली असली, तर रॅम पूर्ण भरण्याआधीच ब्राउझर कोसळू लागतो. १० ते १५ जीबी मोकळी ठेवा आणि व्हर्च्युअल मेमरी 'विंडोजनेच सांभाळावी' या पर्यायावर ठेवा. क्रोमच्या हेल्प मेनूत अबाउट उघडून आवृत्तीपुढे ६४ बिट लिहिलंय का तेही बघून घ्या. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं क्रोम पडून राहिलेलं असलं तर ते बदला.

आठ जीबीपर्यंत रॅम वाढवणं हा जुन्या पीसीवरचा सगळ्यांत उपयोगी खर्च आहे. फक्त मदरबोर्डला रॅमचा कुठला प्रकार चालतो, डीडीआर ३ की डीडीआर ४, हे दुकानात जाण्याआधी बघा, दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात.

लाईट जाणं, आणि त्याने होणारं न दिसणारं नुकसान

याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, आणि आपल्या भागात याच्यापासूनच सुरुवात करायला हवी. क्रोमची एक्स्टेन्शन्स आपली माहिती प्रोफाइलच्या फोल्डरमधल्या लहान डेटाबेस फाइलींत सतत लिहीत असतात. लिहिणं चालू असताना लाईट गेली आणि पीसी धाडकन बंद झाला, तर फाइल अर्धवट राहू शकते. पुढच्या वेळी एक्स्टेन्शन सुरू होतं, ती फाइल वाचायला जातं आणि त्याच जागी पडतं. परत सुरू केलं की परत तिथेच पडतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. वरच्या गोल चित्रावर क्लिक करून क्रोममध्ये नवं प्रोफाइल तयार करा, गुगल खातं न जोडता, आणि त्यात फक्त तेच एक्स्टेन्शन टाका. तिथे दिवसभर नीट चाललं आणि जुन्या प्रोफाइलमध्ये पडत राहिलं, तर एक्स्टेन्शन चांगलं आहे, जुन्या प्रोफाइलमधली त्याची माहिती बिघडली आहे. आणखी पुरावा हवा असेल तर स्टार्ट मेनूत रिलायबिलिटी हिस्टरी शोधा. विंडोज तिथे दिवसवार तक्ता दाखवतं. 'विंडोज नीट बंद झालं नव्हतं' अशी लाल फुली ज्या दिवशी आहे, त्या दिवसानंतर क्रोमच्या फुल्या सुरू झाल्या असतील तर कारण हाती लागलं.

दुरुस्ती या क्रमाने करा.

मॅनेज एक्स्टेन्शन्सवर 'हे एक्स्टेन्शन बिघडलेलं असू शकतं' असा इशारा आणि रिपेअर बटण असेल तर आधी ते दाबा. त्याने एक्स्टेन्शनच्या मूळ फाइली नव्याने येतात.

तेवढ्याने भागलं नाही तर माहितीच्या फाइलीकडे वळा. सेटिंग्जमधल्या सिस्टीममध्ये 'क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवा' हा पर्याय बंद करा, मग क्रोम पूर्ण बंद करा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये क्रोमची एकही ओळ उरली नाही याची खात्री करा. आता फाइल एक्स्प्लोररमध्ये लपलेले फोल्डर दिसू द्या आणि तुमच्या युजर फोल्डरमधून ॲपडेटा, लोकल, गुगल, क्रोम, युजर डेटा असं आत जा. हा युजर डेटा फोल्डर अख्खा डी ड्राइव्हवर कॉपी करा. ही पायरी गाळू नका. मग आतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये, किंवा तुमचं प्रोफाइल ज्या क्रमांकाचं आहे त्या फोल्डरमध्ये, 'लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज' नावाचा फोल्डर असतो. त्यात प्रत्येक एक्स्टेन्शनचा फोल्डर त्याच्या ३२ अक्षरी आयडीच्या नावाने ठेवलेला असतो. वहीत लिहिलेला आयडी इथे लागतो. तो फोल्डर पुसू नका, नावापुढे जुना असं जोडून नाव बदला. क्रोम सुरू केलं की एक्स्टेन्शन कोऱ्या पाटीवर सुरू होईल. चाललं तर एक्स्पोर्ट केलेली फाइल परत आत घ्या. नाही चाललं तर मात्र आता काढून नव्याने टाका.

असं वारंवार होत असेल तर यूपीएसवर खर्च करायलाच हवा. एका डेस्कटॉपला आणि मॉनिटरला ६०० व्हीएचा साधा यूपीएस काही मिनिटं देतो. ती मिनिटं काम पुढे रेटायला नाहीत, सेव्ह करून पीसी रीतसर बंद करायला आहेत. लेझर प्रिंटर त्या यूपीएसला जोडू नका. प्रिंटर तापताना एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस सुटतो, म्हणजे ज्यापासून वाचायचं तेच घडतं. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल अशी कळ आहे का बघा. नॉर्मलवर असताना वीज बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. ती यूपीएसवर ठेवा. उन्हाळ्याच्या तापमानात बॅटरी लवकर कमजोर होते, म्हणून पावसाळ्याआधी एकदा प्लग काढून ती किती वेळ टिकते ते बघत जा.

जुनं विंडोज

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. नवी एक्स्टेन्शन्स त्याहून नव्या क्रोमसाठी लिहिलेली असतात. काही बसतच नाहीत, काही बसून अर्धवट चालतात. सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी त्यातून मार्ग निघत नाही. तसंच क्रोमने मॅनिफेस्ट व्ही २ पद्धतीची जुनी एक्स्टेन्शन्स २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली. तुमचं एक्स्टेन्शन राखाडी होऊन 'आता आधार नाही' असं लिहिलेलं असेल तर तो क्रॅश नव्हे, त्याच्या निर्मात्याने नवी आवृत्ती काढली आहे का ते शोधा.

डिजिटल सहीची अडचण

जीएसटी पोर्टलवरची सही ईमसायनर नावाचा प्रोग्राम करतो. पान त्याच्याशी संगणकातल्या संगणकात, १५८५ या पोर्टवरून (प्रोग्रामशी बोलण्याचं ठरलेलं दार) बोलतं. तो चालू नसला की पान थांबून राहतं आणि प्लगइन बंद पडल्यासारखं वाटतं. घड्याळाशेजारच्या छोट्या बाणात त्याचं चिन्ह आहे का बघा, नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करा. अँटीव्हायरसच्या फायरवॉलने तो अडवलेला नाही ना, टोकनचा (सही साठवलेल्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूचा) ड्रायव्हर टोकनच्याच कंपनीचा आहे ना, आणि वेगवेगळ्या पोर्टलचे सहीचे प्रोग्राम एकाच वेळी उघडे नाहीत ना, हे क्रमाने तपासा. टोकन पीसीच्या मागच्या यूएसबीला लावा, पुढची खाच बऱ्याच जुन्या कॅबिनेटमध्ये सैल झालेली असते.

काही सहीची साधनं एक्स्टेन्शन आणि प्रोग्राम अशी जोडीने येतात. तिथे 'नेटिव्ह होस्ट (म्हणजे तो जोडीचा प्रोग्राम) सापडला नाही' असा संदेश आला तर एक्स्टेन्शन ठीक आहे, जोडीचा प्रोग्राम बसलेला नाही किंवा त्याची नोंद पुसली गेली आहे. 'नेटिव्ह होस्ट बंद झाला' आलं तर प्रोग्राम बसलेला आहे पण पडतोय. दोन्ही वेळी प्रोग्राम नव्याने बसवा, एक्स्टेन्शन तसंच राहू द्या.

तरीही पडत असेल तर

अँटीव्हायरसचं वेब संरक्षण ब्राउझरच्या आत शिरतं. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि कॉन्फ्लिक्ट्स असं लिहून एंटर दाबा. ब्राउझरमध्ये शिरलेल्या मॉड्यूलांची, म्हणजे इतर प्रोग्रामच्या तुकड्यांची, यादी येते. तिथे विंडोज आणि गुगल सोडून ज्यांची नावं दिसतील, ते प्रोग्राम आधी अपडेट करा. अँटीव्हायरस कायमचा बंद ठेवणं हा उपाय नाही. लोकांची कागदपत्रं त्याच पीसीवर असतात.

दर वेळी वेगळा एरर कोड येतो, कधी एक्स्टेन्शन, कधी टॅब, कधी एक्सेलच बंद पडतं, अशी लक्षणं असतील तर रॅमची पट्टी तपासा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्री लावून ठेवा. चूक दाखवली तर पीसी बंद करून, प्लग काढून पट्टी बाहेर घ्या, तिची सोनेरी कड पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसा आणि परत बसवून पुन्हा तपासा. आपल्याकडच्या धुळीत एवढ्यानेही काम होतं. परत चूक आली तर पट्टी बदला.

निर्मात्याला कळवायचं असेल तर वेब स्टोअरमधल्या त्या एक्स्टेन्शनच्या पानावर सपोर्टचा दुवा असतो. ब्राउझरची आवृत्ती, एक्स्टेन्शनची आवृत्ती, विंडोज कुठलं, कुठल्या पानावर काय केल्यावर पडतं आणि टिपलेली एररची ओळ, एवढं लिहा. वरच्यासारखंच ॲड्रेस बारमध्ये कॉन्फ्लिक्ट्सऐवजी क्रॅशेस लिहिलं की क्रॅशचे आयडी मिळतात, ते क्रोमच्या बिघाडाची तक्रार करताना जोडा. स्क्रीनशॉट पाठवताना अर्जदाराचं नाव, आधार क्रमांक, बँक खातं झाकल्याशिवाय पाठवू नका.

एक्स्टेन्शन पुन्हा चालू करताना त्याच्या तपशिलांत साइट ॲक्सेस बघा. 'सर्व साइटवर' असेल तर ते 'ठरावीक साइटवर' करा आणि जिथे खरंच लागतं तीच पानं टाका. मेमरी वाचते, सरकारी पोर्टलच्या फॉर्ममध्ये त्याची लुडबूड थांबते, आणि लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती त्याला वाचता येत नाही. त्याच पानावरून वेब स्टोअरमध्ये जाऊन शेवटचं अपडेट कधीचं आहे तेही बघा. दोन-तीन वर्षांत हात लागलेला नसेल तर दुरुस्तीत वेळ न घालवता दुसरं शोधा.